निगेटिव्ह एक, चिठ्ठ्या चार

माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर आजीचा एक फोटो आहे. खिडकीपाशी बसलेली, डाव्या गालावर उजेड, दोन्ही हात मांडीवर. फोटो एकच, फाइली मात्र पाच. पहिलीला कॅमेऱ्याने दिलेला नंबर, दुसरीला त्याच नंबरापुढे 'कॉपी', मग 'कृष्णधवल', मग 'फायनल' आणि शेवटी 'फायनल हाच घे'. नावं मीच दिलेली, तरी यातली कुठली कशातून निघाली हे आज मला धड सांगता येत नाही. मामेभावाने कृष्णधवल फोटो मोठा करून भिंतीवर लावायला मागितला, तेव्हा उघडून पाहिलं तर ती फाइल जेमतेम १२०० पिक्सेल रुंद. इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायची तर चार इंच. झालं होतं असं, की फोनवरून पाठवायला मी 'कॉपी' लहान केली होती आणि महिन्याभराने त्या लहान केलेल्या कॉपीवरूनच कृष्णधवल करून बसलो होतो. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, शेजारीच पडलेली, हातही न लावलेली.

असा घोळ करायला फार वेळ लागत नाही. 'सेव्ह ॲज' म्हटलं की सुरुवात झाली.

गरज मात्र खरी असते. एकच फोटो रंगीत हवा, कृष्णधवल हवा, चौकोनी हवा, छापायला जरा उजळ हवा. चार रूपांना चार फाइली हे सरळ सुचतं. त्यातला जागेचा तोटा सगळ्यांच्या लक्षात येतो. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५-३० एमबीची असते. तिचं एखादं रूप पूर्ण दर्जा राखून १६ बिटच्या टिफ या प्रकारच्या चित्रफाइलमध्ये ठेवायचं, तर २ कोटी ४० लाख पिक्सेल, प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक आकड्याला दोन बाइट: झाले १४४ एमबी. चार रूपांचे ५७६. पण जागेचं काय, आणखी एक डिस्क जोडता येते. मला जास्त छळलं ते नात्यागोत्याने. कोण कोणाचं पोर, कोणत्या फाइलमध्ये डाग काढलेत, कोणत्यात नाहीत, कीवर्ड, म्हणजे फोटो शोधायला लावायचे शब्द, कुणाला लावलेत. एक सुधारणा करायची तर ती पाच ठिकाणी करा, नाहीतर चार फाइली जुन्याच राहतात.

रॉ फोटोवर काम करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये याला वीस वर्षांपासून उत्तर आहे. ते कसं चालतं हे कळायला आधी डार्करूममध्ये, फिल्मवरून प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीत, डोकावू.

तिथे निगेटिव्ह एकच असायची आणि तिच्यावरून प्रिंट हवे तितके निघायचे. प्रिंट काढणारा माणूस एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हमधून उजेड पाडून चित्र मोठं करणाऱ्या यंत्राखाली, कागद ठेवायचा आणि ठरवायचा: एकूण उजेड इतके सेकंद, त्यातले तीन सेकंद चेहऱ्यावर हाताची सावली धरायची, वरच्या कोपऱ्याला आणखी सहा सेकंद द्यायचे. जमलं की हे सगळं एका चिठ्ठीवर किंवा चाचणीच्या प्रिंटवरच लिहून निगेटिव्हच्या पाकिटात सारायचं. पुढच्या वेळी चिठ्ठी काढायची, तसाच प्रिंट निघतो. त्याच निगेटिव्हचा वेगळा प्रिंट हवा असेल तर दुसरी चिठ्ठी. त्यासाठी निगेटिव्हची प्रत काढायची गरज पडत नसे.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या छायाचित्रकारांनी १९४१ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. त्या एका निगेटिव्हवरून ते पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश राखाडी आहे, त्यात ढगांचे पट्टे दिसतात. नंतरच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळं. निगेटिव्ह तीच, चिठ्ठी बदलली. यातली गंमत अशी, की १९४८ साली त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावरच रसायनाची प्रक्रिया केली, जमिनीचा भाग छापायला सोपा जावा म्हणून. प्रिंट सोपे झाले खरे, पण हा बदल चिठ्ठीवरचा नव्हता, खुद्द निगेटिव्हमधला होता. तो परत फिरवता येणारा नव्हता. इतकी वर्षं चिठ्ठ्यांवर निभावलेल्या माणसालाही एकदा मुळावर हात घालावासा वाटला, हे वाचून मला माझ्या 'सेव्ह'च्या बटणाबद्दल थोडं कमी अपराधी वाटलं.

रॉ संपादनाचं सॉफ्टवेअर चिठ्ठीवरच चालतं. तुम्ही स्लायडर सरकवता तेव्हा रॉ फाइलमधला एकही पिक्सेल बदलत नाही. सॉफ्टवेअर फक्त लिहून ठेवतं आणि पडद्यावर दिसणारा उजळ किंवा कृष्णधवल फोटो त्या क्षणी चिठ्ठी वाचून बनवलेला असतो. या पद्धतीला नॉन-डिस्ट्रक्टिव्ह एडिटिंग म्हणतात. चिठ्ठीत काय असतं? आजीच्या रंगीत फोटोची माझी चिठ्ठी मराठीत वाचायची तर अशी:

एक्सपोजर: अधिक ०.५०
हायलाइट्स: उणे ४०
रंगाचं तापमान: ५६००
क्रॉप: नाही
कृष्णधवल: नाही

खऱ्या चिठ्ठीत अशा पाचपन्नास ओळी असतात, पण जात हीच. बरीच सॉफ्टवेअर ती एक्सएमपी नावाच्या फाइलमध्ये लिहू शकतात. ही साध्या मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, आणि भरते काही केबी. ब्रशने बारीक मास्क (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवणारे) रंगवले, जागोजागी डाग काढले तर फुगते, तरी १४४ एमबीच्या आसपासही जात नाही.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी क्रॉप केला, म्हणजे कडा कापल्या, का आधी उजळ केला, याने अडोबीच्या लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये निकाल बदलत नाही. स्लायडर कुठल्याही क्रमाने सरकवा, फोटो बनवताना सॉफ्टवेअर आपल्या ठरलेल्या क्रमानेच सगळं लावतं. तुम्ही कुठल्या वाटेने आलात यापेक्षा शेवटी प्रत्येक स्लायडर कुठे थांबला तेवढंच त्याला हवं असतं. म्हणून एका रूपाची चिठ्ठी दुसऱ्या रूपाला जशीच्या तशी डकवता येते.

मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो. फाइलला हातच लागत नसेल, तर एका फाइलला दोन चिठ्ठ्या का नकोत? चार का नकोत?

अ‍ॅपलच्या ॲपर्चर या सॉफ्टवेअरने २००५ साली हेच केलं. मूळ फाइलला त्यात 'मास्टर' म्हणत आणि तिच्या प्रत्येक चिठ्ठीला 'व्हर्जन'. अडोबीचं लाइटरूम २००७ साली आलं, त्यात याचं नाव 'व्हर्च्युअल कॉपी'. ॲपर्चर पुढे बंद पडलं, व्हर्च्युअल कॉपी टिकली. कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये याला 'व्हेरिएंट' म्हणतात, डार्कटेबलमध्ये 'डुप्लिकेट'. डार्कटेबलचा शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण डुप्लिकेट म्हटलं की फाइलची प्रत झाली असं वाटतं. तसं काही होत नाही. नावं चार असली तरी मामला एकच.

प्रत्यक्षात कसं दिसतं

मी लाइटरूम क्लासिक वापरतो, म्हणून त्यातलं सांगतो. आजीच्या रॉ फाइलवर आधी रंगीत रूप केलं. मग कंट्रोल, मॅकवर कमांड, आणि एकेरी अवतरणचिन्हाची कळ एकत्र दाबली. शेजारी दुसरा थंबनेल, म्हणजे यादीतला छोटा फोटो, आला, हुबेहूब तसाच, फक्त त्याचा खालचा डावा कोपरा पुस्तकाचं पान दुमडावं तसा दुमडलेला. ही व्हर्च्युअल कॉपी. डिस्कवरच्या फोल्डरमध्ये जाऊन पाहिलं तर तिथे फाइल अजून एकच.

दुमडलेला फोटो उघडला आणि कृष्णधवल केला. रंगीत फोटोत त्वचेवरचा केशरी उजेड छान वाटत होता, कृष्णधवलात तोच सपाट दिसायला लागला. मग केशरी रंगाचा स्लायडर जरा वर, निळ्याचा खाली. साडी गडद झाली, चेहरा पुढे आला. रंगीत रूप जागच्या जागी, त्याला याची खबरही नाही.

तिसरी चिठ्ठी मला सगळ्यात आवडते. त्यात मी फक्त हातांवर चौकोनी क्रॉप घेतला. चेहरा नाही, खिडकी नाही, मांडीवरचे दोन हात आणि पदराचा काठ. तिला वेगळं शीर्षक दिलं, 'हात' हा कीवर्ड लावला, पाच तारे दिले. मूळ फोटोला तीनच आहेत. व्हर्च्युअल कॉपी ही सॉफ्टवेअरच्या लेखी स्वतंत्र फोटो असते: तिचे तारे, रंगाचं लेबल, कीवर्ड, क्रॉप सगळं तिचं तिचं. 'हात' शोधलं की तीच सापडते. यामुळेच एक कटकटही होते. कॉपी काढली त्या क्षणी मूळ फोटोला जे कीवर्ड होते तेच तिला मिळतात, त्यानंतर मुळाला लावलेले आपोआप जात नाहीत. म्हणून नाव, कीवर्ड, डाग काढणं अशी सामाईक कामं आधी उरकायची, कॉप्या मागून.

नाव द्यायचा आळस करू नका. लाइटरूम आपणहून 'कॉपी १', 'कॉपी २' असं लिहून ठेवतं, आणि ते 'फायनल हाच घे'पेक्षा फारसं बरं नाही. मेटाडेटाच्या, म्हणजे फोटोबद्दलच्या माहितीच्या, पॅनलमध्ये 'कॉपी नेम' नावाची चौकट असते, तिथे मी 'कृष्णधवल', 'हात', 'छपाई' असे एकेक शब्द टाकतो. एक्सपोर्ट करताना, म्हणजे चिठ्ठीवरून खरी फाइल बाहेर काढताना, फाइलच्या नावात हा शब्द आपोआप घालायची सोय आहे. ती वापरली नाही तर रंगीत आणि कृष्णधवल दोन्ही एकाच नावाने बाहेर पडतात, कारण मूळ फाइलचं नाव एकच. आज रंगीत काढलं, उद्या त्याच फोल्डरात कृष्णधवल काढलं आणि 'ओव्हरराइट' निवडलेलं राहिलं, की कालचं गेलं. तेवढ्यापुरती फार हानी नाही, चिठ्ठी असल्यामुळे पुन्हा काढता येतं.

कॅप्चर वनवाल्यांसाठी एक टीप. तिथे 'न्यू व्हेरिएंट' आणि 'क्लोन व्हेरिएंट' अशी दोन बटणं आहेत. पहिलं कोरी चिठ्ठी देतं, दुसरं आत्ताच्या चिठ्ठीची नक्कल. काही बदललेलं रूप थोडंसंच वाकडं करून पाहायचं असेल तर क्लोन. सगळं पुसून नव्याने विचार करायचा असेल तर न्यू.

स्नॅपशॉट हा या घरातला चुलतभाऊ, आणि लोक दोघांत गल्लत करतात. लाइटरूममध्ये फोटोवर काम करता करता 'इथवर बरं जमलंय' असं वाटलं की स्नॅपशॉट घेता येतो. तो त्याच फोटोच्या पोटात राहतो, पुस्तकात खूण घातल्यासारखा. वेगळा थंबनेल नाही, वेगळे तारे नाहीत, दोन स्नॅपशॉट ग्रिडमध्ये शेजारी मांडून बघता येत नाहीत. एकाच रूपाचे टप्पे जपायचे तर स्नॅपशॉट पुरे, दोन्ही रूपं वापरायची असतील तर व्हर्च्युअल कॉपी. पण स्नॅपशॉटचा एक गुण मला उशिरा कळला, आणि तो कळण्यासाठी किंमत मोजावी लागली.

चिठ्ठी ठेवलीय कुठे?

काही वर्षांपूर्वी मी नवीन संगणक घेतला. एक्सएमपी फाइली आपोआप लिहायचा पर्याय मी लाइटरूममध्ये चालू केलेला होता, त्यामुळे निर्धास्त होतो. सगळे फोटो आणि त्यांच्या एक्सएमपी फाइली नव्या डिस्कवर नेल्या, कोऱ्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या नोंदवहीत, घेतल्या. फोटो आले, रंग आले, क्रॉप आले, तारे आले. आजीचा रंगीत फोटो बरोब्बर. पण दुमडलेल्या कोपऱ्यांचे फोटो कुठेच नाहीत. कृष्णधवल नाही, हात नाहीत.

कारण साधं होतं आणि मला ते माहीत असायला हवं होतं. लाइटरूम क्लासिक मुळाची चिठ्ठी एक्सएमपीमध्ये लिहितं, व्हर्च्युअल कॉपीची लिहीत नाही. कॉपीच्या चिठ्ठ्या फक्त कॅटलॉगमध्ये राहतात. कॅटलॉग ही एक एसक्यूलाइट डेटाबेस फाइल आहे, आणि ती मी जुन्या संगणकावर तशीच सोडून आलो होतो. स्नॅपशॉट मात्र सगळे सुखरूप पोचले, कारण ते मुळाच्या एक्सएमपीतच लिहिले जातात. जुना संगणक अजून विकला नव्हता म्हणून निभावलं. कॅटलॉग उचलला, नव्या ठिकाणी उघडला, फोटोंचा नवा पत्ता दाखवला, सगळ्या कॉप्या परत.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी पहिला प्रश्न हा विचारा, की दुसरी, तिसरी, चौथी चिठ्ठी नेमकी कुठे लिहितोस? स्लायडरांची संख्या नंतर मोजा. डार्कटेबल प्रत्येक डुप्लिकेटची वेगळी एक्सएमपी फाइल फोटोशेजारीच ठेवतं आणि नावात ०१, ०२ असा आकडा घालतं. फोल्डर उचलून नेलं की चिठ्ठ्या सोबत येतात. कॅप्चर वनमध्ये सेशन पद्धतीने, म्हणजे एकेका कामाचं वेगळं फोल्डर करून, काम केलं तर चिठ्ठ्या फोटोंच्याच फोल्डरमधल्या एका पोटफोल्डरात असतात, कॅटलॉग पद्धतीने केलं तर कॅटलॉगमध्ये. मला विचाराल तर डार्कटेबलची रीत जास्त प्रामाणिक वाटते, जे आहे ते डोळ्यांसमोर. पण हजारो फोटोंत 'पाच तारे आणि हात' असं शोधायला डेटाबेसच लागतो, म्हणून मी अजून कॅटलॉगवरच आहे आणि त्याचा बॅकअप आता दर आठवड्याला दुसऱ्या डिस्कवर घेतो.

बॅकअपचा विषय निघालाच आहे तर: व्हर्च्युअल कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. चार थंबनेल दिसतात म्हणून चार फोटो आहेत असं मन समजतं. रॉ फाइल खराब झाली, चुकून उडाली, तर चारही चिठ्ठ्यांना वाचायला काही उरत नाही. पुसण्याचं गणितही तसंच एकतर्फी आहे. व्हर्च्युअल कॉपी पुसली तर फक्त चिठ्ठी फाटते, फाइलला धक्का लागत नाही. मूळ फोटो पुसला तर सगळ्या कॉप्या त्याच्याबरोबर जातात. कधी असं होतं, की कॉपीच जास्त चांगली जमते आणि मूळ रूप नकोसं होतं. तेव्हा मूळ पुसायचं नाही. फोटोच्या मेनूत कॉपीलाच मूळ करायची आज्ञा आहे, ती द्यायची. दोघांच्या खुर्च्या बदलतात, मग जी मागे राहिली ती निवांत काढून टाकावी.

काहीच जागा लागत नाही असंही नाही. पडद्यावर झटपट दाखवायला लाइटरूम प्रत्येक कॉपीचा वेगळा प्रीव्ह्यू बनवून साठवतं. पण तो पुन्हा बनवता येणारा माल आहे, पुसला तरी नुकसान नाही.

खरी फाइल करावीच लागते अशा वेळाही आहेत. फोटोशॉपमध्ये नेऊन पिक्सेलवर काम केलं, एखादा माणूस फोटोतून काढला, दोन फोटो जोडले, की टिफ किंवा पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) तयार होणारच. कुणाला पाठवायचा तर जेपेग काढावी लागणार, कारण समोरच्याकडे तुमची चिठ्ठी वाचणारं सॉफ्टवेअर असेलच असं नाही. माझा नियम सोपा आहे: पाठवून झालेली जेपेग फेकायची वस्तू, पुन्हा लागली की चिठ्ठीवरून नवी काढायची. आणि जेपेगवरून पुढचं रूप कधीच करायचं नाही. ते मी एकदा केलंय, वर सांगितलंच.

फोनमध्ये ही चैन थोडी अर्धवट मिळते. फोटो एडिट केल्यावर मूळ परत आणायचं बटण असतं, म्हणजे चिठ्ठीची पद्धत तिथेही आहेच, पण सहसा एका फोटोला एकच चिठ्ठी. दुसरं रूप हवं तर आधी फोटोचं डुप्लिकेट करा आणि मग त्यावर काम करा. मॅकवर याला एक छुपी मदत आहे. २०१७ पासून मॅकमध्ये आलेली एपीएफएस ही फाइल साठवण्याची पद्धत फाइंडरमध्ये त्याच डिस्कवर काढलेल्या प्रतीला लगेच नवी जागा देत नाही, दोन्ही नावं त्याच माहितीकडे बोट दाखवतात, आणि एकीत बदल झाला की तेवढाच भाग वेगळा लिहिला जातो. जागा वाचते. नात्यागोत्याचा गोंधळ मात्र तसाच राहतो, कारण तुमच्या डोळ्यांसमोर फाइली दोनच्या दोन.

परवा मी तो जुना फोल्डर एकदाचा आवरायला घेतला. रॉ फाइल कॅटलॉगमध्ये घेतली, तिच्यावर चार चिठ्ठ्या केल्या, मामेभावासाठी कृष्णधवल पुन्हा काढला, या वेळी पूर्ण आकाराचा. 'कॉपी', 'कृष्णधवल' आणि 'फायनल' पुसल्या. 'फायनल हाच घे' पुसायला गेलो आणि थांबलो. तिच्यात सावलीचा जो हिरवट निळा रंग आहे तो मला तासभर खटपट करूनही पुन्हा जमला नाही. मी तो कसा आणला होता, कोण जाणे. ती फाइल अजून तिथेच आहे.